पहिलं गिऱ्हाईक

बंद दारावर उलट्या मुठीनं तीनदा ठोकायचं, कान फळीला लावायचा आणि आतल्या ओस दुकानाला सांगायचं, "गिऱ्हाईक आलंय." मामांची ही रीत.

एवढं सांगून ते तसेच उभे राहायचे. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. दुकानाचा मालक मागे रस्त्यावर किल्ली हातात धरून थांबलेला आणि त्याच्या मागे आम्ही चार रिकामटेकडे. कुणी खोकलं तर मामा मागे न बघताच हात वर करायचे. तोंडातलं पान चघळून संपावं एवढा वेळ जायचा. मग ते दारापासून बाजूला व्हायचे आणि दोहोंपैकी एक बोलायचे. "उघडा," नाहीतर "आज नको." मधलं काही नाही. हातापाया पडा, शिव्या द्या, त्यात फरक पडायचा नाही.

ही प्लेगच्या सालातली गोष्ट आहे. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. दुकान खरं म्हणजे थोरल्या भावाचं, अण्णाचं; मी काजं-बटणं करणारा आणि उलट उत्तरं देणारा. खादीच्या टोप्यांना तेव्हा अशी मागणी होती की अण्णा टोप्यांच्या ढिगाआडून बोलायचा, दिसायचा नाही. मग एका सकाळी समोरच्या तेल्याच्या दुकानात उंदीर पडला, दुसऱ्या दिवशी बोळात जागोजाग पडले, आणि पेठ उठली. तुमच्यातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. मेलेला उंदीर दिसला की भांडीकुंडी डोक्यावर घ्यायची आणि अक्कलकोट नाक्यापलीकडच्या माळावर तट्ट्याची झोपडी उभी करायची, हे पोराटोरांनाही पाठ होतं.

अण्णा मात्र निघेना. हातातल्या टोप्या पुऱ्या करून येतो म्हणाला. वहिनीला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन मी पुढे गेलो. चौथ्या दिवशी त्याला बघायला आलो तेव्हा कापड बेतायच्या फळीवर तो तापानं फणफणलेला पडला होता, आणि त्या फळीवरच त्यानं प्राण सोडला. म्युनिसिपालटीच्या माणसांनी दारावर डांबरानं फुली काढली. पुढे साडेतीन महिने ते दार बंद होतं.

त्या दिवसांत पेठेत शिरायला बंदी होती, पण शिरलेल्या माणसांनी पाहिलं ते सांगतो. औषधाचा फवारा आणि ऊन आत जावं म्हणून घरांवरची कौलं काढलेली, त्यामुळे घराघरांत ऊन. विणकरांच्या मागांवर अर्धी विणलेली लुगडी तशीच ताणलेली, आणि ज्या ज्या ठिकाणी ऊन पडलं तिथे रंग उडालेला. एरवी आमच्या पेठेत मागांच्या खटखटीत माणसं ओरडून बोलायची. आता आपल्याच वहाणांचा आवाज आपल्याला ऐकू यायचा आणि माणूस वहाणा काढून हातात घ्यायचा. कावळेसुद्धा माणसांमागून माळावर गेले होते.

मग दवंडी फिरली. ज्या दुकानाला चुना लागला आहे आणि ज्याच्याजवळ म्युनिसिपालटीची चिठ्ठी आहे, त्यानं दिवसा दुकान उघडावं. गिऱ्हाइकाला आत घ्यायलाही हरकत नाही. मुक्काम मात्र करायचा नाही, दिवे लागायच्या आत सगळ्यांनी माळावर परतायचं. लोकांना आनंद झाला. चुना लागला, चिठ्ठ्या मिळाल्या, किल्ल्या कमरेला लागल्या. आणि घोडं तिथेच अडलं, कारण बंद दुकानाच्या उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल टाकायला कुणीच तयार होईना. मालकही नाही. एक कापडवाला आठ दिवस रस्त्यावर चटई टाकून आपल्याच दुकानाकडे पाठ करून बसला होता. मला एकानं सल्ला दिला की तू काठीवर खुणा कर आणि लांबूनच मापं घे. त्याच्या अंगरख्याचं काय झालं असतं देव जाणे.

अशा वेळी मामांचं नाव निघालं.

मामा पेठेच्या टोकाला राहायचे. मूळचे सांगोल्याकडचे मेंढरंवाले. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा बायको आणि मुलगी यांना घेऊन सोलापुरात आले आणि गिरणीत लागले. उंच, वाळलेले, भरघोस मिशांचे. सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. खरं नाव मी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. आधीच्या एका प्लेगात त्यांची बायको आणि मुलगी दोघी गेल्या आणि मामा राहिले. त्यांच्या डाव्या काखेखाली मोठा व्रण होता. त्यावरून पेठेनं ठरवून टाकलं होतं की मामांना गाठ आली, फुटली, आणि ज्याची गाठ फुटून तो जगला त्याला प्लेग पुन्हा शिवत नाही. मामा यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

तर त्यांनी पहिलं गिऱ्हाईक व्हायचं असं ठरलं. त्याचे नियम आपोआप बनत गेले. पहिल्या गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही. दुकान जे विकतं किंवा जे काम करतं ते त्यानं घेतलंच पाहिजे. आणि दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत पहिल्यानं उठायचं नाही. हे नियम करताना कुणी पुढचा विचार केला नव्हता. एकाच दिवशी तीन न्हाव्यांनी दुकानं उघडली. मामांची दाढी सकाळी झाली, दुपारी झाली आणि तिसऱ्या न्हाव्यासमोर बसले तेव्हा गालावर वस्तरा फिरवायला काही उरलंच नव्हतं. "मिशांस्नी हात लावू नगा, बाकी काय सापडंल ते काढा," मामा म्हणाले. वैद्यबुवांकडे पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रोगीच हवा. मामांना रोग नव्हता. वैद्यबुवांनी विचार करून त्यांना एरंडेल पाजलं आणि त्यापायी पुढचे दोन दिवस पेठेतलं एकही दुकान उघडलं नाही.

कासारणीनं दुकान उघडलं त्या दिवशी तर पेठ हसायलाच जमली होती. मिशावाला मामा बांगड्या भरणार. कासारीणही थट्टेखोर बाई. "मामा, करा हात पुढं," म्हणाली. मामांनी हात पुढे केला, पण तिनं तो धरायच्या आत आपली चार बोटं जवळ आवळून तिला दाखवली. "माज्या मापाच्या नगं. एवढा हात हुता तिचा. हिरव्याच द्या." कासारणीनं त्या बोटांवरून चार बांगड्या सरकवून बघितल्या आणि फडक्यात बांधून दिल्या. मामांनी पुरचुंडी कनवटीला लावली आणि दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत मान खाली घालून बसून राहिले. हसायला आलेल्या बायकांतलीच एक पटकन पुढे होऊन बसली, म्हणून ते लवकर सुटले.

हे झालं उघडलेल्या दारांचं. जिथे मामा "आज नको" म्हणाले, तिथलं वेगळं. त्या दारासमोरून जाताना लोक बोळाच्या दुसऱ्या कडेनं जाऊ लागले. सराफाच्या दारी मामा तीन दिवस ओळीनं "आज नको" म्हणाले. सराफाची आई दुकानामागच्या घरातच वारली होती. तिसऱ्या दिवशी सराफ रस्त्यातच खाली बसला आणि म्हणाला, "मामा, आईचं काही राहिलंय का? तिला काय पाहिजे ते विचारा." मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिथून सगळं सुरू झालं. मामा आतल्या मेलेल्या माणसांची परवानगी मागतात, ती बोलतात आणि मामांना ऐकू येतं, असं बायका नारळ घेऊन येऊन सांगू लागल्या. एक म्हातारा तेलुगू विणकर रोज त्यांच्या मागे फिरायचा. त्याचा मुलगा मागावरच वारला होता. "मामा, माझा पोरगा बोलतो का?" एवढंच विचारायचा. मामा म्हणायचे, "बाबा, मी दुकानाला इचारतो. मानसाला न्हाय." म्हातारा मान डोलवून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

मला खोटं बोलायचं नाही. माझाही या सगळ्यावर विश्वास बसला होता. भरदुपारी, लख्ख उन्हात, कान फळीला लावून उभा असलेला तो उंच माणूस आणि आतून कसलातरी जबाब येतोय असा त्याचा चेहरा पाहिला असता तर तुमचाही बसला असता.

आमच्या दाराशी मामा पहिल्यांदा आले तेव्हा मी चिठ्ठी हातात धरून उभा होतो. त्यांनी ठोकलं, सांगितलं, ऐकलं. "आज नको."

दुसऱ्या खेपेला, "आज नको." तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही तेच. तोवर सराफाचं दुकान उघडलं, समोरच्या तेल्याचं उघडलं, आमच्या ओळीत फुलीचं दार आमचं एकटंच राहिलं. जागेच्या मालकानं निरोप धाडला की अमावास्येपर्यंत दुकान चालू झालं तर ठीक, नाहीतर लोखंडी सामानवाला थांबलाय, त्याला देतो. त्याचंही चुकत नव्हतं. दुकान गेलं असतं तर वहिनीला मुलं घेऊन माहेरी, करमाळ्याला जावं लागलं असतं. तिथे भावजय तिला कशी वागवील हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला अंगरखे-टोप्या शिवण्यापलीकडे काही येत नव्हतं. मामांना वगळून उघडायचं म्हटलं तर उघडता आलं असतं, चिठ्ठी होती. पण गिऱ्हाईक आलं नसतं. माळावर लोक आधी हेच विचारायचे, "तुमच्याकडं मामा बसले का?"

वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यांचा अजून कशावर राग असेल तर मामांकरवी विचारा त्यांना. मी येऊन दारासमोर पदर पसरते."

दुसऱ्या दिवशी मी मामांना नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात गाठलं. बशीतला चहा फुंकत बसले होते. मी सरळच विचारलं, "अण्णा काय म्हणतो?"

"कोन अन्ना?"

"माझा भाऊ. आमच्या दुकानात गेला तो. तुम्हाला त्याचा आवाज येतो ना?"

मामांनी बशी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात म्हणाले, "धाकल्या, आवाज येत न्हाय म्हनून तर नको म्हनतो."

"म्हणजे?"

"उंदीर रं. आत जिता उंदीर वावरत असला की घर चांगलं. उंदीर जगला तर मानूस जगंल की. मी ठोकतो, तवा ती दचकत्यात, पळत्यात. मग थांबत्यात, पुन्यांदा वावराय लागत्यात. लहानपनी काट्याकुपाच्या वाडग्यात मेंढरं शिरताना मी डोळं मिटून खुरांच्या आवाजावनं मोजायचो. उंदराचं पाय त्यापुढं काय. तुमच्या दुकानात कायबी न्हाय. गप हाय. लई गप हाय."

साडेतीन महिन्यांपूर्वी गेलेला माझा भाऊ दाराआडून काही बोलतोय या आशेवर मी होतो, आणि हा माणूस उंदीर ऐकत होता. मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं.

मामा चहाकडे बघत बोलत होते. "मागल्या प्लेगात आमी बी चिठ्ठी घिऊन परत आलो. पयल्या दिसापासनं घर गप. माळवदावर खुडबुड न्हाय, पिठाच्या डब्याला दात न्हाय. ही म्हनाली, बरं झालं, उंदरांची कटकट गेली. पोरगी बी म्हनाली. आमाला आनंद झाला, धाकल्या. आनंदानं झोपलो की. आट दिसांत दोगी गेल्या."

"आणि तुम्हाला गाठ आली."

"मला काय बी झालं न्हाय. काखेतला ह्यो वन गिरनीच्या पट्ट्याचा हाय." त्यांनी काखेवर हात ठेवला. "लोकं म्हनाली गाठ. मी गप बसलो."

"म्हणजे तुम्हालाही प्लेग होऊ शकतो? आणि तरी तुम्ही आत जाता? भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती." मिशा पुसून ते उठले. "पन सांगितलं तर आत जाईल कोन? आनि हे तू बी कुटं बोलू नगंस."

मी बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. मी जे केलं ते सांगतो.

माळावर उंदरांना काय तोटा. झोपडीमागच्या बांधावर पिंजरा लावला आणि दोन दिवसांत दोन चांगले टणटणीत उंदीर सापडले. मी मनाशी हिशेब केला की चुना लागला, साडेतीन महिने झाले, चिठ्ठीवर शिक्का आहे, आता कुठला आलाय प्लेग. मामांच्या कानाला काहीतरी ऐकू आलं की झालं. अमावास्येला तीन दिवस उरले होते. संध्याकाळी माळावर परतायच्या गडबडीत मी एकटा मागे राहिलो, दुकानाच्या मागच्या भिंतीवर चढलो, नुकत्याच परत बसवलेल्या कौलांतलं एक सरकवलं आणि रॉकेलच्या डब्यात आणलेले ते दोन उंदीर आत सोडले. खाली पडल्याचा आवाज आला. मी कौल परत बसवलं. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं.

सकाळी मामांना घेऊन आलो. त्यांनी तीनदा ठोकलं, "गिऱ्हाईक आलंय" म्हणाले आणि कान लावला.

एवढा वेळ त्यांनी कुठल्याच दाराला लावला नव्हता. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कान लावला, जरा खाली वाकून, मग दुसऱ्या फळीला. आणि हळूहळू त्यांचा चेहरा निवळला. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर आपण मान हलवतो तशी त्यांनी बंद दाराकडे मान हलवली. मी शेजारीच उभा होतो, मी हे पाहिलं आहे.

"उघडा," मामा म्हणाले.

आत चुन्याचा वास कोंडला होता. टोप्यांचा ढीग पिवळा पडला होता. मी मामांची मापं घेतली. छाती, बाही, गळा. अंगावर मांस असं नव्हतंच, पट्टी हाडांवरून फिरत होती. आतून एक खिसा ठेव म्हणाले. मग दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत बसायचं म्हणून ते कापड बेतायच्या फळीवर बसले, अण्णाच्या फळीवर. मी म्हणालो, "मामा, तिथं नको." म्हणाले, "बरं हाय हितं."

दुसरं गिऱ्हाईक येईना. अण्णा आत वारला होता हे सगळ्यांना माहीत होतं. लोक दारापर्यंत यायचे, मामांकडे बघायचे आणि पुढे जायचे. सकाळ गेली, दुपार झाली. वहिनीनं भाकरी धाडली ती मामांनी तिथेच बसून खाल्ली. मी त्यांचाच सदरा शिवायला घेतला. अधूनमधून मी मान वर केली की ते मशीनकडे आणि मशीनपासून फळीपर्यंतच्या जमिनीकडे बघत असायचे.

"तुमचं अन्ना शिवताना उठून हितं यायचं काय, बेतायला?" त्यांनी एकदा विचारलं.

"सारखा. मशीन आणि फळी, दिवसभर हेच."

"हं," मामा म्हणाले.

सावल्या लांबल्यावर तो म्हातारा तेलुगू विणकर फाटलेली बंडी घेऊन आला आणि आत येऊन बसला. मामा उठले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं येऊ लागली. वहिनीनं मामांच्या सदऱ्याला स्वतः बटणं लावली. माळावर तिला तीन महिन्यांनी कुणाशी मोठ्यानं बोलताना मी ऐकलं. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं तर मशीनखाली दोन्ही उंदीर मरून पडले होते. शेजारी शेजारी.

त्याच क्षणी मी बोंब मारायला हवी होती. मी दार लावून घेतलं. चिमट्यानं ते डब्यात घातले, बोळामागे नेऊन रॉकेल ओतून जाळले, मशीन बिघडलंय म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेवलं. सगळं सामान बाहेर काढून गंधकाची धुरी दिली, कानाकोपऱ्याला चुना लावला. कुठे बीळ नव्हतं, लेंडी नव्हती. तोंड उघडलं असतं तर दुकान गेलं असतं, वहिनी करमाळ्याला गेली असती. हे कारण खरं होतं. त्या कारणाच्या आधारावर मी गप बसलो, आणि मामांनाही सांगितलं नाही की मामा, जपा.

त्यानंतर दोन दिवसांनी अत्तरवाल्याचं दुकान उघडायचं होतं. लोक दारासमोर जमले आणि मामा आलेच नाहीत. झोपडीत तापानं पडलेले सापडले. या खेपेला काखेत खरीच गाठ होती.

प्लेगच्या माणसांना ठेवायच्या झोपड्या वेगळ्या होत्या, माळाच्या पार टोकाला. भेटायला आलेल्यानं दहा पावलांवर बांबूच्या आडव्या दांडीपाशी थांबायचं. मी गेलो तो माफी मागायला. मामा दाराशी खाटेवर होते, अंगात मी शिवलेला सदरा. चेहरा सुजला होता, पण डोळे जागे होते. मला बघून त्यांनी बोटानं बोलावल्यासारखं केलं. मी दांडीला चिकटून उभा राहिलो.

"धाकल्या, रानातलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली.

"मला कळलं की." ते थांबत थांबत बोलत होते. "रानातला उंदीर घरात घाबरा पळतो. भितीवर आपटतो. वाट ठावं नसती त्याला. दोगं तसंच पळत हुतं."

"कळलं होतं? मग उघडा का म्हणालात, मामा?"

"तिसरा हुता न्हवं."

मी दांडीवरून पुढे वाकलो.

"त्यो घरचा हुता. मशिनीपासनं फळीपातूर जायाचा. थांबायचा. फळीपासनं पुन्यांदा मशिनीपातूर. सावकाश. रोजची वाट असल्यावानी. म्हनलं, ह्यो जगलाय तर भ्या न्हाय. त्याच्या भरवशावर उघडा म्हनलं." त्यांनी श्वास घेतला. "आनि त्यो निघाला कसा न्हाय, धाकल्या? दिसभर बसलो, दिसला न्हाय. हुता न्हवं? माजा कान फसला न्हाय न्हवं?"

मी डब्यातून दोन सोडले होते. दोनच जाळले होते. हे मला जेवढं आज ठाऊक आहे तेवढंच तेव्हाही होतं. आणि तिकडे दहा पावलांवर तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. प्लेगची भीती त्याच्या डोळ्यांत नव्हती. पेठेतल्या प्रत्येक दाराला त्यानं तो कान लावला होता, त्या कानाची त्याला काळजी लागली होती.

"होता, मामा," मी म्हणालो. "जुना होता. आमच्या दुकानातलाच."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

माफी मागायची राहिली. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा खाट रिकामी होती आणि ती उन्हात उलटी टाकली होती.

दुकान राहिलं. वहिनी राहिली, मुलं तिथेच मोठी झाली. आमच्याकडे आलेल्या कुणालाही काही झालं नाही, मलाही नाही, आणि ते का, हे मला आजवर कळलेलं नाही. मामा कशानं गेले हे मी वहिनीला ती जिवंत असेपर्यंत सांगितलं नाही. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी मशीन थांबवतो आणि थोडा वेळ नुसता बसतो. काही ऐकू येत नाही. लहान असताना पुतण्या विचारायचा, काका, काय ऐकता. मी म्हणायचो, काही नाही रे.

मामा गेले तेव्हा पेठेत अजून काही दुकानं उघडायची होती. त्यांत एक न्हावी होता. तो बरेच दिवस थांबला, मग एका सकाळी त्यानं दार उघडून खुर्ची पुसली. आम्ही पाच-सात जण बाहेर उभे होतो. त्यानं स्वच्छ पंचा झटकला आणि रिकाम्या खुर्चीभोवती गुंडाळून मागे गाठ मारली. वाटीत पाणी घेतलं, वस्तरा पट्ट्यावर घासला, आणि एका माणसाची दाढी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो त्या खुर्चीसमोर वाकून हवेत हात फिरवत राहिला. मिशांच्या जागी आला तेव्हा त्यानं वस्तरा बाजूनं नेला. आमच्यातलं कुणी हसलं नाही. मग त्यानं पंचा सोडला, झटकला आणि बाहेर बघून म्हणाला, "या आता."

नंबर माझा होता. माझ्यानं त्या खुर्चीत बसवलं नाही.